मनगटावरची नाडी : काही टिपणे

आकडा कुठून येतो

घड्याळ हातातून काढून उलटं करून पाहावं. पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात आणि त्यांच्या शेजारी प्रकाश टिपणारा छोटा काळसर भाग. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं. ठोका पडला की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या क्षणभर भरतात, परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो. ठोका ओसरला की तो पुन्हा वाढतो. या चढउतारांमधलं अंतर मोजून घड्याळ मिनिटाचे ठोके सांगतं.

म्हणजे हा आकडा थेट हृदयाचा नाही. हृदयापासून हातभर लांब, त्वचेच्या वरच्या थरात जे घडलं त्यावरून काढलेला तो अंदाज आहे. परतणाऱ्या प्रकाशात नाडीमुळे होणारा बदल जेमतेम एखाद-दोन टक्क्यांचा असतो. हात हलला किंवा पट्टा सरकला तर त्याहून कितीतरी मोठा बदल होतो. घड्याळाच्या बहुतेक तक्रारी या एका गोष्टीतून निघतात आणि बहुतेक उपायही.

त्याआधी

इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर या वैद्याने १७०७ साली नाडी मोजण्याच्या घड्याळावर पुस्तक लिहिलं. बरोबर एक मिनिट चालून थांबणारं घड्याळ त्याने खास त्यासाठी करवून घेतलं होतं. बोटं नाडीवर आणि डोळे काट्यावर, अशी ती पद्धत. त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची भरती-ओहोटी टिपण्याचं काम १९३०च्या दशकात ॲल्रिक हर्ट्झमन यांनी अमेरिकेत केलं. १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी त्याच प्रकाशातून रक्तातला ऑक्सिजन मोजण्याची वाट काढली. आज बोटाला लावतो तो ऑक्सिमीटर त्यातून आला. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ साली खेळाडूंसाठी बिनतारी उपकरण आणलं, ते छातीच्या पट्ट्यावर हृदयाचे विद्युत संकेत घेत असे.

बोटांचा स्पर्श, प्रकाश आणि वीज असे हे तीन वेगवेगळे साक्षीदार आहेत. एकाच्या बोलण्यावर शंका आली तर दुसऱ्याला विचारता येतं.

कुठे बांधायचं

करंगळीच्या बाजूला मनगटाचं उंच हाड असतं. घड्याळ त्या हाडावर नको. कोपराच्या दिशेने एक-दोन बोटं वर, मांसल भागावर हवं. हाडावर ते टेकतं पण बसत नाही, खालून फट राहते. त्या फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो आणि सेन्सरची दिशाभूल करतो.

व्यायामाच्या वेळी पट्टा एक भोक आवळावा. हात हलवल्यावर घड्याळ त्वचेवर सरकता कामा नये. मात्र बोटांना मुंग्या आल्या किंवा खोल वळ उठला तर ते फार आवळलं आहे. जास्त दाबाने खालच्या बारीक वाहिन्याच मिटतात आणि मोजायला रक्त उरत नाही. व्यायाम झाला की पट्टा पुन्हा सैल करावा, त्वचा कोरडी होऊ द्यावी.

बारीक मनगटांचा प्रश्न खरा आहे. मोठ्या तबकडीचं घड्याळ अशा हातावर दोन्ही बाजूंना अधांतरी राहतं. आपल्याकडे कितीतरी बायकांचा हा अनुभव असतो आणि त्यांना वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांचं काही चुकत नाही. छोटी तबकडी, लवचीक कापडी पट्टा, किंवा दंडावर बांधायचा सेन्सर घेतला तर फरक पडतो. त्याच हातात बांगड्या असतील तर घड्याळ दुसऱ्या हातात घालावं. बांगडी दर पावलाला घड्याळाला ढकलते आणि तो धक्काही सेन्सर मोजत राहतो.

काचेवर काय आहे

खोबरेल तेल, सनस्क्रीन, वाळलेल्या घामाचं मीठ, साबणाचा थर. सेन्सरच्या काचेवर यांतलं काहीही असू शकतं. ओल्या मऊ फडक्याने पुसून कोरडं करणं एवढंच पुरतं. पुष्कळ तक्रारी इथेच संपतात, म्हणून सुरुवात इथून करावी.

मनगटावर गडद गोंदण असेल तर शाई प्रकाश अडवते. तिथे पट्टा आवळून उपयोग नसतो, हात बदलावा.

त्वचेचा रंग

हा प्रश्न आपल्या देशात विचारायलाच हवा. त्वचेतलं मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषतं, हे भौतिकशास्त्र आहे. मग सावळ्या हातावर घड्याळ चुकतं का? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली निरनिराळ्या त्वचेच्या लोकांवर घड्याळं तपासली. ठोक्यांच्या अचूकतेत त्वचेच्या रंगामुळे ठळक फरक त्यांना आढळला नाही. विश्रांतीपेक्षा हालचालीत मात्र चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त निघाली.

ऑक्सिजनचा आकडा वेगळा. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की, ऑक्सिमीटर ठीक दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट होतं. म्हणून एकाच घड्याळावरच्या दोन आकड्यांवर सारखाच विश्वास टाकू नये. ठोके एका मोजमापाने येतात, ऑक्सिजन दुसऱ्याने. आणि दुसरं जास्त नाजूक आहे.

पावलं मोजतंय की ठोके?

धावणाऱ्यांना सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट ही. धावताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात. जोर लावून धावताना हृदयाचे ठोकेही त्याच पट्ट्यात असतात. दर पावलाला हाताला बसणारा हिसका नियमित असतो आणि नाडीच्या संकेताहून ठसठशीत. घड्याळात हालचाल ओळखणारा वेगळा सेन्सर असतो आणि त्याच्या मदतीने हिसके वजा करण्याचा प्रयत्न होतो. पण पावलं आणि ठोके जवळजवळ आले की गणित पावलांना चिकटतं. सोप्या धावेला, गप्पा मारत पळताना, घड्याळ १७२ दाखवतं आणि माणूस घाबरून थांबतो.

ओळखायचं कसं? पहिली खूण श्वास. पूर्ण वाक्य बोलता येत असेल आणि घड्याळ आपल्या कमाल ठोक्यांच्या जवळचा आकडा दाखवत असेल, तर दोन्ही एकदम खरं असणं अवघड. दुसरी खूण पावलांचा आकडा. घड्याळावर पावलांची गती आणि ठोके शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही बराच वेळ एकमेकांना धरून राहिले तर शंका घ्यावी. तिसरी खूण थांबल्यावर मिळते. खरे ठोके हळूहळू उतरतात. आकडा १७२ वरून चार-पाच सेकंदांत १२५ वर कोसळला तर आधीचा १७२ पावलांचा होता.

झटपट चालणाऱ्यांनाही हे होतं. भरभर चालताना मिनिटाला ११०-१२० पावलं पडतात आणि साठीतल्या माणसाचे ठोकेही तेवढेच असू शकतात. टेकडीवर रोज चालणाऱ्या ज्येष्ठांना हे माहीत असलेलं बरं.

दुचाकी

गाडीच्या हँडलची थरथर मनगटापर्यंत येते. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवताना घड्याळ कधी पावलं मोजतं, कधी ठोके भलतेच दाखवतं. ऑफिसला जाताना रोज ठरावीक वेळी ठोके वर गेलेले दिसले तर त्या वेळी हात कशावर होता ते आधी आठवावं. सायकलचंही तसंच, शिवाय हँडल धरताना मनगट मागे वळतं.

मूठ आणि मनगट

डंबेल उचलताना मूठ घट्ट होते, हाताचे स्नायू ताठरतात आणि मनगटाकडचं रक्त तेवढ्यापुरतं अडतं. हृदय जोरात धडधडत असताना घड्याळ ९५ दाखवतं. जोर-बैठकांत आणि सूर्यनमस्कारातही असंच होतं: तळवा जमिनीवर टेकला की मनगट काटकोनात वळतं, घड्याळाची कड हातात रुतते. अशा वेळी घड्याळ आणखी दोन बोटं वर सरकवावं. तरीही वजनाच्या व्यायामात मनगटावरच्या आकड्यावर विसंबू नये.

पोळ्या लाटताना, कणीक मळताना, कपडे पिळताना हाताचे तेच स्नायू राबत असतात. घरकामाचे कष्ट घड्याळात कमी दिसतात, याचं एक कारण हेही आहे. कष्ट झालेले असतात, घड्याळाला ते नीट वाचता येत नाहीत.

थंडी

डिसेंबर-जानेवारीची पहाट. थंडीत शरीर त्वचेकडचं रक्त आखडतं घेतं, ऊब आतल्या अवयवांसाठी राखतं. प्रकाशाला वाचायला त्वचेत रक्तच कमी. त्यामुळे पहिल्या दोन-तीन किलोमीटरचा आलेख वेडावाकडा आणि मग अचानक नीट झालेला दिसतो. घरातच पाच-दहा मिनिटं हातपाय मोकळे करून अंग तापवावं, घड्याळ आधीच बांधून बाहीखाली ठेवावं आणि आकडा स्थिर झाला की निघावं.

उशीर

प्रकाशाचा संकेत गढूळ असतो, म्हणून घड्याळ काही सेकंदांची सरासरी काढत राहतं. ३० सेकंद जोरात पळून ३० सेकंद थांबायचं, अशा सरावात आकडा मागे राहतो: पळणं संपल्यावर वर चढतो आणि विश्रांतीत शिखर गाठतो. हा बिघाड नाही. असा सराव श्वासावर आणि वेगावर करावा, किंवा छातीचा पट्टा लावावा.

दिवसभराच्या आलेखात मधेमधे भोकं दिसतात त्याचं कारण बहुधा बॅटरी. व्यायामाचा मोड चालू नसेल तर पुष्कळ घड्याळं सतत मोजत नाहीत, ठरावीक अंतराने मोजतात.

पडद्यावर आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा आल्या तर वैतागू नये. संकेत मिळाला नाही, असं ते प्रामाणिकपणे सांगत असतं. रिकामी जागा चुकीच्या आकड्यापेक्षा बरी.

छातीचा पट्टा

हा हृदयाची वीज घेतो, म्हणून धावणं आणि वजनं या दोन्हींत मनगटापेक्षा भरवशाचा. त्याचे रुसवे वेगळे. कोरडा बांधला तर पहिली काही मिनिटं वाटेल ते आकडे देतो, घाम आला की सुधारतो. म्हणून त्याच्या आतल्या बाजूच्या पट्ट्या तो बांधण्याआधीच पाण्याने ओल्या कराव्यात. कोरड्या हवेत कृत्रिम धाग्याचा सैल टीशर्ट त्याच्यावर घासला की स्थिर वीज तयार होते आणि आकडे उड्या मारतात. वापर झाला की पुढचं बटण पट्ट्यावरून काढून ठेवावं, पट्टा धुवावा. बटण तसंच राहिलं तर आतला सेल उतरतो. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

कपाटातला ऑक्सिमीटर

२०२०-२१ मध्ये करोनाच्या काळात घराघरांत ऑक्सिमीटर आले आणि आता ते औषधांच्या डब्यात पडून आहेत. त्यात नाडीचा आकडाही येतो. स्वस्थ बसून, ऊबदार बोटाला, नखाला रंग नसताना लावला तर घड्याळाची उलटतपासणी करायला तो चांगला. चालताना मात्र उपयोगाचा नाही.

तीन बोटं

सर्वांत जवळचा आणि फुकट उपाय. तळहात वर करावा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या खोबणीत दुसऱ्या हाताची दोन-तीन बोटं हलकी टेकवावीत. अंगठा वापरू नये, त्याची स्वतःची नाडी जाणवते. ३० सेकंद मोजून दुप्पट करावी. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजावं. मानेवर मोजायचं असेल तर एकाच बाजूला, हलक्या हाताने. दोन्ही बाजू एकदम कधीही दाबू नयेत.

बोटांना एक गोष्ट कळते जी आकड्यात येत नाही: लय. ठोके सारख्या अंतराने पडतात की मधेच एखादा चुकतो, भरीव आहेत की दुबळे. एखादा ठोका वेळेआधी आला तर तो इतका दुबळा असू शकतो की मनगटापर्यंत पोचतच नाही. हृदय ८० वेळा आकुंचन पावलेलं असतं आणि मनगटावर ६० च लागतात. घड्याळाचा ६० दिसायला सुंदर असतो. म्हणून आकडा कमी आला आणि अंगात मात्र धडधड, चक्कर, थकवा असेल, तर बोटांनी लय पाहावी आणि डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढावा.

लयीचा इशारा

काही घड्याळं अनियमित लयीचा इशारा देतात. ॲपलच्या घड्याळावर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार लाखांहून अधिक लोक होते. त्यांतल्या सुमारे अर्धा टक्का लोकांना असा इशारा मिळाला. नंतर ज्यांनी छातीला ईसीजीची पट्टी लावून ती तपासायला परत पाठवली, त्यांच्यातल्या साधारण एकतृतीयांश लोकांत ती अनियमित लय सापडली. ही लय येऊन-जाऊन असते, तेव्हा पट्टी लावलेल्या दिवसांत ती न दिसणं म्हणजे ती नव्हतीच असं नाही. इशारा मिळाला तर डॉक्टरांना दाखवणं योग्य. इशारा मिळाला नाही म्हणून निश्चिंत होणं अयोग्य.

आकडा बरोबर, पट्टी चुकीची

कधी ठोके खरे असतात, पण त्यांना लावलेली पट्टी चुकीची असते. २२० मधून वय वजा करून कमाल ठोके काढायचा हिशोब १९७०च्या आसपास रूढ झाला. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी दुसरा सुचवला: २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा. चाळिशीत दोन्हींचं उत्तर १८० येतं. साठीत एकाचं १६०, दुसऱ्याचं १६६. आणि ही दोन्ही उत्तरं सरासरीची आहेत, प्रत्यक्ष माणूस दहा-पंधरा ठोक्यांनी इकडेतिकडे असतो.

ॲपमध्ये जन्मतारीख चुकीची भरली गेली असेल तर कमाल ठोक्यांवरून आखलेले व्यायामाचे सगळे झोन चुकतात, म्हणून तीही पाहावी.

आणि औषधं. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी औषधं ठोके वाढू देत नाहीत, ते त्यांचं कामच आहे. ती घेणाऱ्या माणसाने घड्याळाने आखलेल्या झोनपर्यंत ठोके नेण्यासाठी धापा टाकणं धोक्याचं. त्याने श्वासावर चालावं आणि मर्यादा डॉक्टरांकडून घ्यावी. ही औषधं मनाने बंद तर कधीच करू नयेत.

घड्याळ खरं बोलतं तेव्हा

या टिपणांतून असं वाटू नये की वाढलेला प्रत्येक आकडा घड्याळाची चूक आहे. पट्टा नीट, काच स्वच्छ, माणूस स्वस्थ बसलेला, बोटांनीही तोच आकडा लागतो, आणि तो नेहमीपेक्षा वर आहे. मग शरीराकडे पाहायचं. ताप असेल तर अंशाअंशाने ठोके वाढतात. झोप झाली नाही, पाणी कमी पडलं, तरी वाढतात. ऑक्टोबरच्या उन्हात त्याच वेगाने, त्याच रस्त्यावर ठोके चढत जातात, कारण अंग थंड ठेवण्यासाठी हृदय त्वचेकडेही रक्त पाठवत असतं. तिथे वेग कमी करणं हेच शहाणपण. कधी थायरॉईडही वाढलेला असू शकतो.

आणि रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत तो आढळला. हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. जिना चढताना एखाद्या तरुण मुलीचे ठोके १५० दाखवले, तर घड्याळ स्वस्तातलं आहे असं म्हणून विषय संपवू नये. रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. अशा ठिकाणी या उपकरणाचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं: सवयीने अंगवळणी पडलेला थकवा ते आकड्यात आणून दाखवतं.

उतरण

व्यायाम थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात, हा उपयोगी आकडा आहे. क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवलं की ट्रेडमिलच्या चाचणीनंतर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, त्यांना पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचा धोका जास्त होता. तो अभ्यास दवाखान्यात, ईसीजीच्या साक्षीने झाला. मनगटावरच्या एका दिवसाच्या आकड्यावरून असा निष्कर्ष काढू नये, पण आठवड्यांमागून आठवडे तोच कल दिसला तर डॉक्टरांना सांगावा.

क्रम

शंका आली की या क्रमाने:
काच पुसा. घड्याळ हाडावरून वर सरकवा, पट्टा आवळा.
हात बदलून पाहा.
थांबा, दोन मिनिटं शांत बसा, बोटांनी मोजा.
बोटं आणि घड्याळ जुळली तर घड्याळ ठीक. शरीराचा विचार करा.
जुळली नाहीत तर घड्याळ बंद करून चालू करा, ॲप अद्ययावत करा, पुन्हा तपासा.
स्वस्थ बसलेलं असतानाही पुन्हा पुन्हा जुळत नसेल तर सेन्सर बिघडला आहे, दुरुस्तीला द्या.

जिथे क्रम लागू नाही

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, धाप, डोळ्यांपुढे अंधारी. यांतलं काही झालं तर घड्याळ ७२ दाखवो की १७२, त्याच्याकडे पाहायचं नाही. पट्टा आवळून पुन्हा मोजत बसण्यात गेलेली दहा मिनिटं हृदयाच्या स्नायूला महागात पडतात. माणसाला बसवायचं, १०८ ला फोन करायचा. झटका आलेल्या हृदयाचे ठोके मोजायला अगदी सामान्य भरू शकतात.

शाळेत

नाडी मोजायला कौशल्य लागत नाही, सवय लागते. पीटीच्या तासाला मुलांना मैदानाला एक फेरी मारायला लावावी, आधी आणि नंतर स्वतःची नाडी बोटांनी मोजून वहीत लिहायला सांगावी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे सहज जमतं आणि घरी जाऊन ते आजीचीही मोजून पाहतं. घड्याळं स्वस्त होत जातील, सेन्सर सुधारतील, पण दिसलेला आकडा खरा की खोटा हे ठरवणारी बोटं ज्याची त्यालाच तयार करावी लागतात. प्रत्येक शाळेने ती करून द्यावीत.